कावळा बसला, पण फांदी का तुटली?

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही म्हण आपण बहुतेक वेळा बोलणं मिटवायला वापरतो. नवस फेडून आलेला माणूस नोकरीचं श्रेय देवाला देतो, समोरचा ही म्हण म्हणतो आणि विषय संपतो. एखादं बांधकाम कोसळतं, ‘नेमका त्याच वेळी वारा सुटला’ असं सांगितलं जातं, आणि तिथेही शब्द वेगळे असले तरी हाच विचार कामाला येतो. दोन्हीकडे तिचा वापर चुकतो, असं माझं ठाम मत आहे. या म्हणीत एक प्रश्न दडलेला आहे आणि त्याचं उत्तर मोजणी केल्याशिवाय मिळत नाही. म्हण उच्चारली की उत्तर दिलं, असं समजण्याची सवय आपल्याला फार महागात पडते.

आधी मूळ पाहू. म्हणीमागे ‘काकतालीय’ हा जुना संस्कृत शब्द आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात १०६ वं सूत्र येतं, ‘समासाच्च तद्विषयात्’. ‘अमक्यासारखं’ या अर्थाचे शब्द कसे घडतात हे सांगणाऱ्या सूत्रांपैकी हे एक. जयादित्य आणि वामन यांच्या काशिकावृत्ती या अष्टाध्यायीवरच्या टीकाग्रंथात त्याखाली तीन उदाहरणं दिली आहेत: काकतालीय, अजाकृपाणीय, अंधकवर्तकीय. पहिल्यात कावळा आणि ताडफळ, दुसऱ्यात शेळी आणि तलवार, तिसऱ्यात आंधळा आणि लावा पक्षी. तिन्ही शब्द ध्यानीमनी नसताना घडून आलेल्या गोष्टीसाठी.

काशिकेत काकतालीयाची फोड अशी आहे. कावळ्याचं येणं आपोआप झालेलं, ताडफळाचं पडणंही आपोआप झालेलं, आणि त्या पडणाऱ्या फळाने कावळा मेला. म्हणजे मूळ दृष्टांतात फांदी नाहीच आणि कावळा जिवंत राहत नाही. ताडाचं झाड वीस-तीस मीटर उंच वाढतं. कोवळ्या फळातले ताडगोळे आपण खातो. तेच फळ झाडावर पूर्ण पिकलं की दीड-दोन किलोचं होऊन गळून पडतं. वीस मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीजवळ ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. घरकावळ्याचं वजन साधारण ३०० ग्रॅम. त्याचं काय होणार ते सांगायला नको.

मराठीत आल्यावर दृष्टांत उलटा झाला. ताडाच्या जागी साधी फांदी आली, कावळा उडून गेला आणि नुकसान फांदीचं झालं. संस्कृतातला कावळा बळी होता, मराठीतला कावळा संशयित आहे. आपली म्हण त्याची निर्दोष सुटका करते, ‘फांदी याने तोडली नाही’ असं सांगते. इथवर ठीकच आहे. पण संशयित सुटला म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. ३०० ग्रॅमच्या पक्ष्याने जी फांदी तुटली ती आधीच तुटायला आलेली होती. बुंध्यात पाणी मुरून कूज झाली असेल, साल फुगून आतून भुसा गळत असेल, खोडकिड्याने पोखरली असेल, किंवा शेवग्यासारखं मुळातच ठिसूळ लाकूड असेल. म्हणीचा खरा विषय ही फांदी आहे आणि म्हण उच्चारताना आपण नेमकं तिच्याकडे पाहत नाही.

काशिकाकारांनी मात्र पाहिलं होतं. ते पुढे देवदत्ताचं उदाहरण देतात. देवदत्त एका ठिकाणी सहज गेला, तिथेच दरोडेखोर आले आणि त्यांनी त्याला ठार केलं. यात दोन उपमा वेगळ्या काढल्या आहेत. देवदत्त आणि दरोडेखोर यांची गाठ पडणं हे कावळा आणि ताड यांच्या गाठीसारखं, ही पहिली. देवदत्ताचा वध हा ताडाने केलेल्या कावळ्याच्या वधासारखा, ही दुसरी. पहिली उपमा समासाने सांगितली जाते, दुसरी प्रत्ययाने. वाचताना हे निव्वळ व्याकरण वाटतं, पण विचाराचा सगळा नेमकेपणा त्यात आहे. गाठ पडणं हा योगायोग. वध हा योगायोग नव्हे, तो दरोडेखोरांनी केला. देवदत्त तिथे का होता याचं उत्तर ‘सहज’ असं देता येतं. तो कशाने मेला याचं उत्तर ‘सहज’ असं देता येत नाही.

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होतं, त्याचं उदाहरण मुंबईत आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. त्या क्षणी तिथे कोण होतं, कुणाला पेट्रोल भरायचं होतं, कोण पावसामुळे आडोशाला थांबलं होतं, ही गाठ. पण होर्डिंग १२० फूट लांब आणि १२० फूट उंच होतं, महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. हे गाठीत बसत नाही.

थोडा हिशेब मांडू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की दाब चौपट. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरलेला आहे. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोंचा दाब येतो. ४० बाय ४० फुटांचा फलक सुमारे १४९ चौरस मीटरचा, त्यावर साडेसतरा टन. १२० बाय १२० चा फलक सुमारे १,३३८ चौरस मीटरचा, त्यावर दीडशे टनांहून जास्त. आकाराचे आणि उंचीचे गुणक अजून धरलेलेच नाहीत. क्षेत्रफळ नऊपट, पण एवढ्यावर थांबत नाही. फलक उंच झाला की दाबाचा मध्यही वर जातो, त्यामुळे पायाला उलथवणारा जोर दोन्ही फलक जमिनीपासूनच सुरू होतात असं धरलं तर सत्तावीसपट होतो. लहान फलकाच्या अनुभवावरून अंदाजाने घातलेला पाया इथे दगा देतो, कारण डोळ्याला तिप्पट दिसणारी गोष्ट पायाला सत्तावीसपट भरते. म्हणूनच मर्यादा आखलेली असते. त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात शहरातली इतर असंख्य होर्डिंग्ज उभी राहिली. कावळा सगळ्या फांद्यांवर बसला होता.

हीच पहिली कसोटी: तोच कावळा आणखी कुठे बसला होता? दुसरी कसोटी अशी, की याआधी याच फांदीवर तो किती वेळा बसून गेला? दर पावसाळ्यात पूर सोसणारा पूल एखाद्या वर्षी जातो तेव्हा ‘यंदाचा पूर मोठा होता’ एवढं कारण पुरत नाही. पुराचं पाणी खांबाभोवती घुसळतं आणि पायाखालची वाळू-गोटे उपसतं. पूर ओसरताना तोच खड्डा मोकळ्या गाळाने पुन्हा भरतो. उन्हाळ्यात पात्र कोरडं असताना वरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं, प्रत्यक्षात पायाखाली भरीव जमिनीऐवजी सैल गाळ असतो. मोजायचं असेल तर पूर चालू असताना खोली मोजावी लागते, नाहीतर नंतर पाणबुडे उतरवून किंवा सळई खुपसून गाळाचा घट्टपणा पाहावा लागतो. मागच्या मोजणीशी तुलना करायची तर मागची मोजणी नोंदलेली हवी. जिथे ती नसते तिथे शेवटचा पूर हा एकटा आरोपी उरतो, आणि म्हण त्यालाही सोडून देते.

आता दुसरा पक्षी घेऊ. अंधकवर्तकीय या शब्दात आंधळा सहज हात पुढे करतो आणि लावा पक्षी हाती लागतो. हिंदीत ‘अंधे के हाथ बटेर’ म्हणून हा दृष्टांत अजून जिवंत आहे. काकतालीयात घात होतो, इथे लाभ. लाभाची गाठ जास्त फसवी असते, कारण नुकसान झालं की कुणीतरी चौकशीची मागणी करतं. लाभ झाला की लोक आंधळ्याला गुरू करतात.

मुलगा होण्याचं औषध देणारे याच हिशेबावर जगले. जन्मणाऱ्या दर शंभर बाळांत नैसर्गिकपणे ५१ मुलगे असतात. कसलीही पूड द्या, शंभरातल्या ५१ जणी ‘गुण आला’ म्हणून सांगतील. उरलेल्या ४९ जणींना ‘पथ्य पाळलं नाही’ असं सांगितलं की काम झालं. ५१ ही संख्या एकटी पाहिली तर प्रभावी वाटते. औषध न घेतलेल्या शंभर बायकांची संख्या शेजारी ठेवली की तीही ५१ निघते, आणि पुडीत काही राहत नाही.

म्हणूनच चार रकाने हवेत. कावळा ओरडला की पाहुणा येतो ही समजूत घरोघरी आहे, विराण्यांतही काऊ शकुन सांगत येतो. समजा महिनाभर वहीत नोंद ठेवली. ३० दिवसांपैकी २४ दिवस कावळा ओरडला, त्यातल्या ४ दिवशी पाहुणे आले. ६ दिवस ओरडला नाही, त्यातल्या एका दिवशी पाहुणा आला. आपल्या लक्षात राहतात ते चार दिवस. पण २४ पैकी ४ म्हणजे सहात एक, आणि ६ पैकी १ म्हणजेही सहात एक. ओरडण्याने काहीच फरक पडला नाही. चारही रकाने भरल्याशिवाय हे दिसत नाही, आणि स्मरणशक्ती यातला पहिलाच रकाना जपून ठेवते. ‘ओरडला आणि कुणी आलं नाही’ हा रकाना सगळ्यात मोठा असतो, पण त्याची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही.

पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची घेतलेली चाचणी या शिस्तीचा उत्तम नमुना आहे. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. कोणती कुंडली कुणाची एवढंच सांगायचं. नुसती नाणेफेक केली तरी २० बरोबर येतात, म्हणून उत्तीर्ण होण्याची रेघ २८ वर आखली. केवळ नशिबाने २८ गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के आली आणि सर्वांत चांगला आकडा २४ होता. या चाचणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती २८ ची रेघ, कारण ती निकालाच्या आधी आखली होती. योगायोग कुठवर मानायचा आणि कुठून मानायचा नाही, हे गाठ पडल्यावर ठरवायला गेलं तर माणूस आपल्या सोयीचं ठरवतो.

सर्पदंशात हा गोंधळ थेट जीव घेतो. महाराष्ट्रात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी: धामण, दिवड, तस्कर, कवड्या. माणसं मरतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या दंशाने, आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेले बहुसंख्य लोक मंत्राविनाही घरी परतणारच होते. परतलेला माणूस गावभर सांगतो, मेलेला सांगायला येत नाही. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला, तो याच कारणाने योग्य आहे.

सरकारी दवाखान्यात विष भिनलं की नाही हे कसं पाहतात, तेही सांगितलं पाहिजे. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. २ मिलीलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी २० मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग एकदा तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे, प्रतिविष द्यायचं. हे चुकतं ते नळीमुळे. प्लास्टिकच्या नळीत, किंवा साबणाच्या भुकटीने धुतलेल्या काचेच्या नळीत चांगलं रक्तही नीट गोठत नाही. मधेच नळी हलवून पाहिली तरी निकाल बिघडतो. नाग-मण्यारच्या विषासाठी ही चाचणी उपयोगाची नाही. तिथे पापण्या मिटत जाणं, दोन दोन दिसणं, गिळायला आणि श्वास घ्यायला जड जाणं यावर लक्ष ठेवावं लागतं. एवढी साधी काचनळी कावळा आणि फांदी वेगळी करून दाखवते. मंत्राकडे अशी नळी नाही.

आणि कधी कधी गाठ ही गाठ नसते, खरंच कारण असतं. तेही मोजूनच कळतं. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेले रुग्ण मोठ्या प्रमाणात दगावत. महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी एकेका रुग्णाची लक्षणं टिपून ठेवली, विष हृदयावर आणि रक्तदाबावर काय करतं ते पाहिलं आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली. मृत्यू झपाट्याने खाली आले. नंतर प्रतिविषाचा जास्तीचा उपयोग आहे का हे ठरवताना त्यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठीपद्धतीने ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. इथे ‘कावळा बसायला’ म्हणणाऱ्याला जागा नाही. शेजारी तुलनेचा गट नसता तर ३२ या आकड्याचा अर्थ कुणालाच लावता आला नसता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक वेळी कुठे मोजत बसणार? अफवा विझवायला ही म्हण बरी नाही का? लसीकरणानंतर एखादा माणूस दगावला आणि गावात भीती पसरली, तर आरोग्य अधिकाऱ्याने ‘हा योगायोग आहे’ असं म्हणू नये का? म्हणावं, पण आकड्यासकट म्हणावं. आपल्याकडे दर हजार माणसांमागे वर्षाला सहा-सात मृत्यू होतात. एका मोहिमेत एक लाख लोकांना लस दिली, तर लस घेतल्यापासून सात दिवसांत त्यांच्यातले बारा-तेरा जण लस नसती तरीही गेले असते. हृदयविकाराने, अपघाताने, म्हातारपणाने. अंथरुणाला खिळलेले लोक लसीला येत नाहीत म्हणून आकडा थोडा कमी धरावा, ज्येष्ठ नागरिकांचीच मोहीम असेल तर बराच वाढवावा. मग प्रत्यक्ष नोंद पाहायची. दहा-बारा मृत्यू असतील तर गाठ आहे. तीस असतील, किंवा एकाच बॅचच्या कुप्यांपाशी गोळा झाले असतील, तर फांदी तपासायची. अधिकाऱ्याने मोहिमेच्या आधीच हे गावाला सांगितलं तर पहिल्या मृत्यूनंतर त्याच्या शब्दाला वजन राहतं. नुसतं ‘योगायोग’ म्हणणारा अधिकारी आणि नुसतं ‘लसीने मेला’ म्हणणारा शेजारी, दोघांनीही काही मोजलेलं नसतं, आणि लोकांना ते कळतं.

‘कावळ्याच्या शापाने गाई मरत नाहीत’ ही दुसरी म्हण याला जोडून ठेवावी. ती कावळ्याच्या इच्छेबद्दल बोलते, पहिली त्याच्या बसण्याबद्दल. दोन्हींत कावळा सुटतो. गाय कशाने मेली आणि फांदी कशाने तुटली हे शोधायचं काम आपल्याकडे उरतं.

शेवटी अक्षरशः फांदीकडेच येतो. पावसाळ्यात शहरांत झाडं पडून माणसं मरतात आणि वारा-पावसाला दोष दिला जातो. बुंध्यापर्यंत काँक्रीट घातलं की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं ते त्यासाठीच. केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली की झाड काही वर्षांनीही पडू शकतं, तोवर चर कुणाच्या लक्षात नसतो. मे महिन्यात फांद्या छाटताना एकाच बाजूच्या काढल्या तर तोल जातो, खुंट ठेवून छाटल्या तर खुंटातून कूज आत शिरते. झाड पडल्याच्या पंचनाम्यात म्हणून चार गोष्टी याव्यात: बुंध्याचा छेद भरीव होता की पोकळ, बुंध्यापासून काँक्रीट किती अंतरावर होतं, कोणत्या बाजूची मुळं कापलेली होती, आणि आधीची छाटणी कधी व कशी झाली. वाऱ्याचा वेग त्याखाली, पाचव्या ओळीत लिहावा.